ओपन सोर्स लायब्रऱ्या एकत्र करताना परवान्यांचा मेळ कसा तपासावा

गुळाच्या अडत दुकानासाठी पट्टीचा प्रोग्रॅम, शिरोलीच्या फाउंड्रीसाठी साठा आणि चलन, एखाद्या पतसंस्थेसाठी दैनंदिन वसुलीचे ॲप अशी कामे कोल्हापुरातल्या लहान सॉफ्टवेअर कार्यालयांत नेहमी चालू असतात. अशा प्रत्येक कामात स्वतः लिहिलेल्या कोडपेक्षा बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्यांचा, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचांचा, कोड कितीतरी जास्त असतो. तरीही परवान्यांची, म्हणजे तो कोड कोणत्या अटींवर वापरता येतो हे सांगणाऱ्या मजकुरांची, तपासणी बहुधा अगदी शेवटी, एखाद्या मोठ्या ग्राहकाने लेखी हमी मागितल्यावर सुरू होते, आणि तीही ‘ही लायब्ररी फुकट आहे ना?’ या चुकीच्या प्रश्नापासून. विचारायला हवे ते असे: या सगळ्या लायब्रऱ्या एकाच प्रोग्रॅममध्ये बांधून, तो प्रोग्रॅम या ग्राहकाला, या अटींवर देण्याचा अधिकार मला आहे का? दोन लायब्रऱ्या वेगवेगळ्या तपासल्यावर निर्दोष ठरतात आणि एकत्र आल्या की त्यांच्या अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत, असे होऊ शकते. म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत सोबत घेऊ. शाहू मार्केट यार्डातील एका अडत दुकानासाठी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रोग्रॅम करायचा आहे. तो इलेक्ट्रॉनिक काट्यावरून थेट वजन घेतो, गुळाच्या रव्यांची (ढेपांची) नोंद करतो, हमाली आणि तोलाई वजा करतो आणि शेतकऱ्याच्या हाती द्यायची पट्टी मराठीत पीडीएफ करून छापतो. कार्यालयाला हाच प्रोग्रॅम पुढे इतर अडत्यांनाही विकायचा आहे आणि स्वतःचा सोर्स कोड (प्रोग्रॅमचा वाचता येणारा मूळ कोड) द्यायचा नाही.

टप्पा १: प्रोग्रॅम कोणाकडे, कोणत्या रूपात आणि कोणत्या अटींवर जाणार ते लिहून काढा

लायब्ररी निवडण्याआधी हे ठरलेच पाहिजे, कारण परवान्याच्या अटी केव्हा लागू होतात हे यावरच अवलंबून असते. जीपीएल या बहुचर्चित ओपन सोर्स परवान्याची सोर्स कोड देण्याची अट प्रोग्रॅमची प्रत दुसऱ्याच्या हाती गेल्यावर लागू होते. तुमच्याच कार्यालयात, तुमच्याच संगणकांवर चालणाऱ्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये जीपीएलची लायब्ररी असेल तर ती अट लागू होत नाही. प्रोग्रॅम ग्राहकाच्या संगणकावर बसवला, पेनड्राइव्हवर दिला किंवा मोबाइल ॲप म्हणून उतरवू दिला, की ते वितरण झाले. सर्व्हरवर ठेवून फक्त ब्राउझरमधून वापरू दिला तर सर्व्हरवरच्या कोडचे वितरण होत नाही. पण ब्राउझरमध्ये पोहोचणारा जावास्क्रिप्ट कोड मात्र वापरणाऱ्याच्या संगणकावर उतरतो, आणि ते वितरणच असते. एजीपीएल ३ या जीपीएलच्याच धर्तीच्या परवान्याने याच्याही पुढची अट घातली आहे: त्या परवान्याचा प्रोग्रॅम बदलून नेटवर्कवरून वापरू दिला, तर वापरणाऱ्यांना सोर्स कोड मिळवण्याची सोय द्यावी लागते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जीपीएल म्हणजे कोड सर्व जगाला जाहीर करणे नव्हे. ज्याला प्रत दिली त्याला सोर्स कोड मिळाला पाहिजे, आणि त्याने ती प्रत पुढे दिली तर त्याला अडवता येत नाही. आपल्या अडत्याने तोच प्रोग्रॅम शेजारच्या दुकानाला दिला, तर जीपीएलखाली तो त्याचा हक्क आहे. केवळ एकाच ग्राहकासाठी केलेल्या आणि कामाचा मोबदला घेऊन संपणाऱ्या कामात ही अट बहुधा त्रासाची नसते. अशा वेळी जीपीएलला उगाच घाबरू नये. उदाहरणातील कार्यालयाला मात्र प्रत्येक दुकानाला वेगळी प्रत विकायची असल्याने ही अट त्याच्या व्यवसायाच्याच आड येते.

पडताळणी: ‘विंडोज संगणकावर बसवला जाणारा, सोर्स कोड न देता विकला जाणारा प्रोग्रॅम’ असे एक वाक्य लिहून प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवा. हे वाक्य लिहिता येत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा २: स्वतःचा म्हणून दिलेला कोड खरोखर स्वतःचा आहे का ते पाहा

लायब्रऱ्यांच्या नादात हा टप्पा सर्रास वगळला जातो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो. नोकरीत असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी संस्था असते. बाहेरून काम करून देणाऱ्या फ्रीलान्सरला हे लागू होत नाही. त्याच्याकडून हक्क लेखी करारानेच घ्यावे लागतात, आणि त्या करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचे, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते धरले जाते. काटा जोडण्याचे मॉड्यूल सुट्टीत आलेल्या विद्यार्थ्याने लिहिले असेल, तर त्याच्याशी मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहिलेला कागद झाला आहे का हे आधी पाहावे. जो कोड तुमचा नाही त्याला तुम्ही कोणताच परवाना लावू शकत नाही.

टप्पा ३: ग्राहकाकडे जे प्रत्यक्ष जाते त्याची यादी करा

यादी प्रकल्पाच्या डिपेंडन्सी फाइलवरून करू नका. त्या फाइलमध्ये तुम्ही मागवलेल्या लायब्रऱ्या असतात. त्या लायब्रऱ्यांनी स्वतःसाठी मागवलेल्या लायब्रऱ्या नसतात, आणि अडचण नेमकी तिथेच सापडते. प्रोग्रॅम पूर्ण बांधून घ्या, इन्स्टॉलरने तयार केलेले फोल्डर उघडा आणि त्यातील प्रत्येक फाइल कुठून आली ते शोधा. पायथॉनसाठी पिप-लायसन्सेस, जावास्क्रिप्टच्या नोडसाठी लायसन्स-चेकर, आणि प्रत्यक्ष फाइल्समधील मजकूर तपासण्यासाठी स्कॅनकोड ही साधने मोफत मिळतात. पहिली दोन साधने मुख्यतः लायब्ररीच्या कर्त्याने भरलेले लेबल दाखवतात, म्हणून त्यांचे उत्तर ही सुरुवात समजावी.

प्रत्येक ओळीत नाव, नेमकी आवृत्ती, परवाना, तो परवाना कोणत्या फाइलमध्ये वाचला, लायब्ररी आपल्या कोडशी कशी जोडली आहे आणि आपण तिच्यात बदल केला आहे का, एवढे लिहा. ‘कशी जोडली आहे’ हा रकाना बहुतेक यादींत नसतो आणि त्याच्याशिवाय सहावा टप्पा करताच येत नाही.

साधनांना न दिसणाऱ्या गोष्टी हाताने जोडाव्या लागतात. फॉन्ट आणि आयकॉन त्यात आले. मराठी पट्टीसाठी मुक्त फॉन्ट बसवला असेल तर तो बहुधा एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स १.१ खाली असतो. तसे असेल तर प्रोग्रॅमसोबत तो देता येतो, एकटा फॉन्ट विकता येत नाही, आणि परवान्याचा मजकूर सोबत द्यावा लागतो. इंटरनेटवरून उचललेले कोडचे तुकडेही यादीत यायला हवेत. प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळावरील उत्तरांतील मजकूर आणि कोड क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या, त्याच अटींवर वाटा’ या परवान्याखाली असतो, आणि बंद प्रोग्रॅममध्ये, म्हणजे सोर्स कोड न देता दिलेल्या प्रोग्रॅममध्ये, असा मोठा तुकडा जसाच्या तसा ठेवणे अडचणीचे ठरते. तो कोड समजून घेऊन स्वतः नव्याने लिहावा.

इशारा: ज्या कोडसोबत कोणताच परवाना नाही तो सर्वांसाठी खुला नसतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर दिसतो म्हणजे वापरता येतो असे नाही. परवाना नसेल तर सर्व हक्क कर्त्याकडेच राहतात.

टप्पा ४: लेबलवर न थांबता परवान्याचा मजकूर वाचा

वापरत असलेल्या आवृत्तीच्या पॅकेजमधील ‘लायसन्स’ किंवा ‘कॉपीइंग’ नावाची फाइल उघडा आणि मोठ्या लायब्रऱ्यांत काही सोर्स फाइल्सच्या वरच्या ओळीही पाहा. वाचताना चार गोष्टी शोधायच्या.

पहिली गोष्ट म्हणजे ‘फक्त’ की ‘किंवा पुढील’. ‘जीपीएल २’ एवढेच लिहिलेली नोंद निरुपयोगी आहे. ‘फक्त आवृत्ती २’ आणि ‘आवृत्ती २ किंवा पुढील कोणतीही’ हे व्यवहारात दोन वेगळे परवाने आहेत, आणि हा फरक परवान्याच्या मजकुरात न सापडता सोर्स फाइलच्या माथ्यावरील सूचनेत सापडतो. एसपीडीएक्स या प्रमाणित नावांच्या पद्धतीत म्हणूनच दोघांना स्वतंत्र ओळख दिली आहे. यादीत तीच नावे वापरावीत.

दुसरी, ‘किंवा’ की ‘आणि’. दोन परवान्यांपैकी एक निवडा असे लिहिले असेल तर सोयीचा निवडता येतो. दोन्ही लागू आहेत असे लिहिले असेल तर दोन्हींच्या अटी पाळाव्या लागतात.

तिसरी, अपवाद. जावाच्या मुक्त आवृत्तीच्या, म्हणजे ओपनजेडीकेच्या, लायब्रऱ्यांवर जीपीएल २ आहे, पण त्यासोबत क्लासपाथ अपवाद असल्याने त्यावर चालणारा जावा प्रोग्रॅम बंद ठेवता येतो. पायथॉन प्रोग्रॅम बांधणाऱ्या पायइन्स्टॉलरवरही जीपीएल असून बांधलेल्या प्रोग्रॅमला स्वतःच्या अटी लावण्याची मुभा देणारा अपवाद त्याला जोडलेला आहे. यादीत अपवादाची नोंद नसेल तर निर्दोष लायब्ररी विनाकारण बाद होते.

चौथी, ओपन सोर्ससारखे दिसणारे पण तसे नसलेले परवाने. मोंगोडीबी या डेटाबेसने ऑक्टोबर २०१८ मध्ये घेतलेला एसएसपीएल आणि टेराफॉर्म या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या साधनाने ऑगस्ट २०२३ मध्ये घेतलेला बिझनेस सोर्स लायसन्स हे असे परवाने तपासून मान्यता देणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने मान्य केलेले परवाने नाहीत. ‘अव्यावसायिक वापरासाठी’ ही अट असलेले आयकॉन आणि ‘चांगल्यासाठीच वापरा, वाईटासाठी नको’ असे वाक्य असलेला जुना जेसन परवानाही याच रांगेत येतात.

पडताळणी: ‘अज्ञात’, ‘इतर’ किंवा नुसते ‘बीएसडी’ अशी एकही नोंद यादीत उरता कामा नये. बीएसडी हा परवाना दोन कलमी, तीन कलमी आणि चार कलमी असतो. चार कलमी प्रकारात जाहिरातीत श्रेय देण्याची अट आहे आणि ती जीपीएलशी जुळत नाही.

टप्पा ५: मेळ तपासताना दिशा पाहा

सर्वांत जास्त चुका येथे होतात, आणि त्यांचे मूळ एकच आहे: ‘अ’ आणि ‘ब’ जुळतात असे कळले की दोन्ही दिशांनी जुळतात असे धरले जाते. मेळाला दिशा असते. एमआयटी, आयएससी किंवा तीन कलमी बीएसडी या मोकळ्या परवान्यांचा कोड अपाची २.० या परवान्याच्या, जीपीएलच्या किंवा बंद प्रोग्रॅममध्ये घेता येतो. अपाची २.० चा कोड जीपीएल ३ च्या प्रोग्रॅममध्ये घेता येतो. जीपीएल ३ चा कोड घेऊन पूर्ण प्रोग्रॅम अपाची २.० खाली देता येत नाही. म्हणजे कोड मोकळ्या अटींकडून कडक अटींकडे जातो, उलट जात नाही. आणि संपूर्ण प्रोग्रॅमला सर्वांत कडक घटकाच्या अटी लागू होतात.

आता ज्या जोड्या दिसायला साध्या पण प्रत्यक्षात अडणाऱ्या आहेत त्या पाहू. ‘फक्त जीपीएल २’ आणि अपाची २.० एकत्र येत नाहीत. अपाचीतील पेटंटविषयीच्या अटी जीपीएल २ च्या दृष्टीने जादा निर्बंध ठरतात आणि जीपीएल २ जादा निर्बंध चालू देत नाही. तुमचा सर्व कोड खुला केला तरी हा अडथळा हटत नाही, कारण तो दोन परक्या लायब्रऱ्यांमधला आहे. त्यातील जीपीएलची लायब्ररी ‘२ किंवा पुढील’ अशी असेल तर तिच्यासाठी आवृत्ती ३ निवडून मार्ग निघतो. ‘फक्त जीपीएल २’ आणि जीपीएल ३ हेही एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्याच कारणाने एलजीपीएल ३ ची (हा लायब्रऱ्यांसाठीचा जीपीएलचा सौम्य प्रकार) लायब्ररी ‘फक्त जीपीएल २’ च्या प्रोग्रॅममध्ये बसत नाही. जीपीएल ३ आणि एजीपीएल ३ यांना मात्र त्यांच्या तेराव्या कलमांनी एकत्र येण्याची परवानगी दिली आहे. जोडलेल्या प्रोग्रॅमला नेटवर्कची अट लागू राहते.

आवृत्तीने उत्तर बदलते याचे स्पष्ट उदाहरण म्हणजे माहिती कूटबद्ध करून पाठवणारी ओपनएसएसएल ही लायब्ररी. तिच्या जुन्या परवान्यात जाहिरातीची अट असल्याने ती जीपीएलशी जुळत नव्हती. २०२१ मध्ये आलेल्या आवृत्ती ३.० पासून ती अपाची २.० खाली आहे, म्हणून जीपीएल ३ शी जुळते आणि ‘फक्त जीपीएल २’ शी अजूनही जुळत नाही.

एमपीएल २.० हा परवाना फाइलपुरता चालतो. त्याच्या फाइल्समध्ये केलेले बदल खुले ठेवावे लागतात, शेजारच्या तुमच्या फाइल्स बंद राहू शकतात. लायब्ररीने ‘दुय्यम परवान्यांशी विसंगत’ अशी सूचना लावली नसेल तर ती जीपीएलच्या प्रोग्रॅममध्येही घेता येते. ती सूचना आहे का हे शोधायला बहुतेक जण विसरतात.

उदाहरणातील यादीवर हे लावून पाहू. काट्याशी बोलणारी पायसिरियल बीएसडीखाली आहे आणि इंटरनेटवरून माहिती मागवणारी रिक्वेस्ट्स अपाची २.० खाली, दोन्ही बंद प्रोग्रॅममध्ये चालतात. खिडक्या-बटणांसाठी घेतलेली पायक्यूटी जीपीएल ३ किंवा विकतचा परवाना अशी आहे, त्यामुळे सोर्स कोड न देता ती मोफत वापरता येत नाही. पीडीएफसाठीची पायएमयूपीडीएफ एजीपीएल किंवा विकतचा परवाना अशी आहे, तिचेही तेच. मायएसक्यूएल या डेटाबेसशी जोडणारी ओरॅकलची मायएसक्यूएल कनेक्टर-पायथॉन जीपीएल २ खाली आहे. तिला जोडलेला अपवाद इतर ओपन सोर्स प्रोग्रॅमसाठी आहे, बंद प्रोग्रॅमसाठी नाही. एकूण तीन ठिकाणी काम अडले. तिन्ही लायब्रऱ्या एका आज्ञेत मोफत उतरल्या होत्या, आणि उतरवताना कोणीही अडवले नव्हते.

टप्पा ६: जोडणीचा प्रकार तपासा

जीपीएलच्या बाबतीत स्टॅटिक जोडणी (लायब्ररी प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच मिसळणे) की डायनॅमिक (ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवून चालवताना जोडणे), याने सुटका होत नाही. जीपीएल तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते दोन्हींत एकच संयुक्त प्रोग्रॅम होतो. एलजीपीएलच्या बाबतीत मात्र हा फरक महत्त्वाचा आहे. त्या परवान्याखाली तुमचा कोड बंद राहू शकतो, परंतु वापरणाऱ्याला लायब्ररीची स्वतः बदललेली प्रत तुमच्या प्रोग्रॅमसोबत चालवता आली पाहिजे. म्हणून सर्व काही एकाच फाइलमध्ये कोंबण्याऐवजी लायब्ररी वेगळ्या फाइल्समध्ये राहील अशा फोल्डर पद्धतीने प्रोग्रॅम बांधावा. एलजीपीएल त्या बदलांच्या तपासणीसाठी रिव्हर्स इंजिनिअरिंगची (तयार प्रोग्रॅम उलगडून त्याची रचना शोधण्याची) मुभाही मागते. इतरत्रून जशाच्या तशा उचललेल्या ग्राहक करारात ‘रिव्हर्स इंजिनिअरिंगला सक्त मनाई’ असे वाक्य हमखास असते. ते तसेच ठेवले तर लायब्ररी नीट जोडूनही अट मोडते.

वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालणारी, आदेश ओळीतून किंवा सॉकेटवरून (दोन प्रोग्रॅममधील संदेशमार्गावरून) बोलणारी गोष्ट साधारणपणे स्वतंत्र मानली जाते. मायएसक्यूएलचा सर्व्हर वेगळा चालतो म्हणून त्याच्या जीपीएलने तुमचा कोड बांधला जात नाही. त्याच्याशी बोलणारी कनेक्टर लायब्ररी तुमच्या प्रोग्रॅमच्या आत असते, म्हणून तिचा प्रश्न वेगळा.

इशारा: परवाना टाळण्यापुरती लायब्ररी वेगळ्या प्रक्रियेत ढकलून दोघांत गुंतागुंतीची अंतर्गत रचना देत-घेत राहिलात, तर दोन्ही मिळून एकच प्रोग्रॅम धरला जाऊ शकतो. शिवाय त्या वेगळ्या प्रोग्रॅमची प्रत तुम्ही सोबत देत असाल तर तिच्यापुरत्या सर्व अटी तुम्हाला पाळाव्याच लागतात.

टप्पा ७: अडलेल्या जागा सोडवा

क्रम असा ठेवावा: आधी पर्यायी लायब्ररी, मग दुसरी आवृत्ती, मग खरोखरचे विलगीकरण, मग विकतचा परवाना किंवा कर्त्याची लेखी परवानगी, आणि शेवटी स्वतःच्या प्रोग्रॅमच्या अटी बदलणे. परवानगी मागायची असेल तर लायब्ररीत अनेकांचे योगदान असते आणि प्रत्येकाची संमती लागू शकते, हे लक्षात ठेवावे.

आपल्या उदाहरणात पायक्यूटीऐवजी एलजीपीएल ३ खालील पायसाइड घेता येते. येथे एक सापळा आहे. या दोन्ही लायब्रऱ्या ज्या क्यूटीवर उभ्या आहेत, त्या क्यूटीचे सर्वच भाग एलजीपीएलखाली नाहीत. आलेख काढणारे क्यूटी चार्ट्स हे मॉड्यूल जीपीएल ३ किंवा विकतच्या परवान्याखाली आहे. आठवड्याच्या गूळ आवकेचा आलेख दाखवायला ते आयात केले की सोडवलेली अडचण पुन्हा उभी राहते. पीडीएफसाठी बीएसडीखालील वीझीप्रिंट घ्यावी. ती अक्षरे मांडण्यासाठी एलजीपीएलखालील पँगो वापरते आणि मराठी जोडाक्षरे व्यवस्थित मांडते. पँगोला मागच्या टप्प्यातील नियम लागू होतात. डेटाबेससाठी एमआयटीखालील पायमायएसक्यूएल आहे.

पडताळणी: बदल केल्यावर तिसऱ्या टप्प्यापासून यादी नव्याने करा. नवी लायब्ररी स्वतःच्या डिपेंडन्सी सोबत आणते.

टप्पा ८: देताना सोबत काय द्यायचे ते बांधा

मेळ जमला म्हणजे काम संपले असे समजून हा टप्पा सोडला जातो आणि सर्वांत मोकळ्या परवान्याचाही भंग होतो. एमआयटी आणि बीएसडी यांच्या कॉपीराइट ओळी व परवान्याचा मजकूर बांधलेल्या प्रोग्रॅमसोबतही जायला हवा. अपाची २.० च्या लायब्ररीत ‘नोटिस’ फाइल असेल तर तिच्यातील श्रेयाचा मजकूर पुढे न्यावा लागतो. एलजीपीएल ३ साठी लायब्ररी वापरल्याची ठळक सूचना आणि एलजीपीएल व जीपीएल या दोन्हींचा मजकूर द्यावा. इन्स्टॉलरमध्ये ‘परवाने’ नावाचे फोल्डर आणि प्रोग्रॅमच्या ‘माहिती’ खिडकीत त्याचा दुवा, एवढ्यात हे सगळे बसते.

जीपीएल आणि एलजीपीएलच्या घटकांचा सोर्स कोड देताना मूळ प्रकल्पाचा पत्ता लिहून मोकळे होऊ नये. ग्राहकाला दिलेल्या नेमक्या आवृत्तीचा, तुमच्या बदलांसह आणि बांधणीच्या स्क्रिप्टसह कोड द्यायचा असतो. प्रत्यक्ष सोबत न देता लेखी तयारी दर्शवायची असेल तर ती किमान तीन वर्षे वैध असावी लागते. म्हणून ती आवृत्ती बाहेर जाते त्याच दिवशी तिचा सोर्स संच बाजूला जपून ठेवावा.

टप्पा ९: आवृत्त्या गोठवा आणि प्रत्येक अद्ययावतीकरणाला तपासणी करा

परवाने आवृत्तीबरोबर बदलतात. पीडीएफ तयार करणारी आयटेक्स्ट ही लायब्ररी २००९ मध्ये आवृत्ती ५ पासून एजीपीएलखाली गेली, आणि त्याआधीच्या समजुतीवर पुढची आवृत्ती घेणाऱ्यांच्या प्रोग्रॅमला वेगळ्याच अटी लागू झाल्या. लॉक फाइलमध्ये नेमक्या आवृत्त्या ठेवा, मान्य परवान्यांची यादी बांधणीच्या साधनाला द्या आणि यादीबाहेरचा परवाना दिसताच बांधणी थांबेल अशी सोय करा. ही यादी पहिल्या टप्प्यात लिहिलेल्या वाक्यापुरतीच खरी असते. अडत्यांच्या संगणकावर बसणारा प्रोग्रॅम उद्या सर्व्हरवर न्यायचे ठरले किंवा त्याचे मोबाइल ॲप करायचे ठरले, तर ते वाक्य नव्याने लिहून तपासणी तिथूनच पुन्हा सुरू करावी.